धोंडीनानाच्या जीपला मागं स्पीकर का न्हाईत

बंद करा रे ते! तिन्हीसांजेपासनं ऐकतोय मी. सहा इंची गोल का लंबगोळ, गोल का लंबगोळ! नवनाथा, तू माझा सख्खा भाचा. गाडी घेतलीस, जुनी का असंना, आनंद हाय मला. पण मागं कुठले स्पीकर बसवायचे यावर तुम्ही चौघं माझ्या अंगणात बसून रात्र करताय, डोकं उठलं माझं. सरका शेकोटीजवळ. ते मोबाईल खिशात घाला. माझ्या जीपला मागं पत्र्यात नुसती दोन भोकं का हायत, ते आज सांगतो. मग घ्या काय घ्यायचं ते.

ऐका.

दिवेलागण होऊन गेलेली. तालुक्याहून मी निघालो, एकटा. जीप मोकळी. आता मी वडापवाला माणूस, पंधरा माणसं कोंबल्याबिगर गाडी हलवत न्हाई. पण त्या दिवशी धंदा बंद. का? तर दुसऱ्या दिवशी आमच्या वैजूचं लग्न. एकुलती लेक माझी. तिनं एकच मागितलेलं. म्हणाली, "आबा, सासरी मी आपल्याच जीपमधनं जाणार. अन् मागं बसल्यावर गाणं ऐकू आलं पाहिजे." बास. दागिना न्हाई, काही न्हाई. एवढंच.

अन् माझे मागचे दोन्ही स्पीकर फाटलेले! कुणाचा गुडघा, कुणाची कोंबड्यांची पाटी, कुणाच्या छत्रीचं टोक. गाणं लावलं की नुसती खरखर.

म्हणून सकाळपासनं तालुक्यात फिरत होतो. पहिला दुकानदार म्हणाला, नाना, लंबगोळ घ्या, आवाज लई भारी. घेतले. बसवायला गेलो, भोकात जाईनात. परत! दुसरा म्हणाला, गोल घ्या. गोल बसले, पण त्यांचं लोहचुंबक हे एवढं जाड, मागं पत्र्यावर आपटतंय. परत! तिसरा म्हणाला, स्पीकर बसतील हो, पण तुमच्या टेपात तेवढी ताकद न्हाई, आधी अँप्लीफायर घ्या. मी म्हणलं, बाबा, मला लेक सासरी घालवायची हाय, तमाशाचा तंबू न्हाई ठोकायचा! चौथा म्हणाला, चारी घ्या, नुसते मागचे देत न्हाई. आरं, पण पुढचे धड हायत की माझे!

हसू नका. तुमचंबी तेच चाललंय.

पाच वाजले. पोटात अन्न न्हाई. वैजूला काय सांगू? या विचारानं रडू यायचं बाकी होतं. जाता जाता गावाबाहेर सिद्रामचा भंगाराचा अड्डा लागला. म्हणलं, बघू. अन् बघतो तर काय! पत्र्याच्या ढिगावर एक जोडी. गोल. मापाची. स्क्रूची भोकंसुद्धा माझ्या पत्र्याशी जुळणारी. जणू माझ्याच जीपमधनं काढलेली!

सिद्रामला म्हणलं, किती द्यायचे? तो माझ्याकडं बघंना. म्हणाला, "नाना, काही नको. न्यायचे तर न्या. पण दिवस मावळायच्या आत घरला जा." मी चिडलेला, वैतागलेला. माणूस फुकट देतोय ते का देतोय, हे विचारायचं सुचलंच न्हाई मला. हीच माझी चूक, पोरांनो. कुणाच्या गाडीतले, एवढं तरी विचारायचं का न्हाई?

तिथंच बसवायला घेतले. तारा जोडता जोडता अंधार पडला.

निघालो. वैजूसाठी आणलेली कॅसेट लावली. काय आवाज! वा! मागनं सनई अशी यायला लागली की दिवसभराचा शीण गेला. मी आपला खुशीत. माळ लागला. पुढं मागं एक दिवा न्हाई. अन् सनईतनं एक बाई म्हणाली,

"थांबवा ओ."

आता वडापवाल्याचं कसं असतं, मागनं कुणी 'थांबवा' म्हणलं की पाय ब्रेकवर जातोच. तिथं डोकं लागत न्हाई. पंधरा वर्षांची सवय. कचकन गाडी थांबवली. उतरलो. मागचा पडदा उचलला. कुणी न्हाई! म्हणलं, कॅसेटवाल्यानं कशावर तरी कायतरी भरलंय. चार शिव्या घातल्या त्याला अन् निघालो.

दोन मैल गेलो न्हाई तर परत. आता दोघी-तिघी. "ओ, थांबवा! थांबवा की!" परत ब्रेक. परत उतरलो. परत कुणी न्हाई. आता अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू. पण भ्यायलो त्याच्यापेक्षा जास्त मी चिडलो. दिवसभर दुकानदारांनी छळलं, आता स्पीकर छळतोय! कॅसेट उपसून काढली. टेप मोकळा.

मोकळ्या टेपातनं सनई चालूच!

ऐकताय न्हवं? कॅसेट माझ्या हातात, अन् सनई चालू. त्यातनं ती बाई रडकुंडीला येऊन ओरडतीय, "थांबवा ओ, पुढं पाणी हाय!"

चैत्राचा महिना. माळावर धूळ उडतीय. मीबी ओरडलो, "कुठाय पाणी? आं? कुठाय? गप बसा की जरा!" अन् रागाच्या भरात ते बटण फिरवलं. टेपाला असतंय न्हवं, एकीकडं फिरवलं की आवाज मागं, दुसरीकडं फिरवलं की पुढं? मी पार पुढं फिरवलं. मागचे दोन्ही स्पीकर बंद.

बाया गप झाल्या. हुश्श म्हणलं.

अन् माझ्या गुडघ्यापाशी, दारातल्या स्पीकरमधनं, एक बाप्या हसला.

"बरं केलंस, गड्या. बायांची लई कटकट. आता सरक. गाडी मी घेतो."

आईशप्पथ सांगतो, हात माझे स्टेअरिंगवर अन् स्टेअरिंग माझं ऐकंना! मोडकं जकात नाकं आलं. तिथं रस्ता फुटतो, तुम्हाला ठाऊक हाय. उजवीकडं आपलं गाव. डावीकडं जुना रस्ता, पिंपरतळीचा. पिंपरतळी कुठाय? धरणाच्या तळाशी! चाळीस वर्षं झाली गाव बुडून. तो रस्ता सरळ पाण्यात जातो. अन् माझी जीप डावीकडं वळली.

मी ओढतोय उजवीकडं. दंड भरून आले. गाडी चाललीय डावीकडं. सनई वाढतीय. बटण फिरवतोय, कमी होईना. किल्ली काढली, तर इंजिन चालूच! किल्ली हातात अन् गाडी पळतीय! तो गडी मजेत गातोय, मधनंच म्हणतोय, "मोकळा रस्ता हाय, भिऊ नको." उतार लागला. सनईपुढं मला माझी बोंब ऐकू येईना. डोळ्यापुढं वैजू. उद्या मांडवात हळद लावलेली पोर बसणार अन् बापाचा पत्ता न्हाई.

तेवढ्यात मागनं हाक आली. स्पीकरमधनं न्हवं बरं का. मागचे स्पीकर मी बंद केलेले. मागच्या बाकड्यावरनं, अगदी माझ्या मानेपाशी, सगळ्या जणी एकदम,

"थांबवाऽऽ!"

अन् माझा पाय गेला ब्रेकवर. स्टेअरिंग त्याचं असंल, पाय माझा होता.

गाडी थांबली. सनई थांबली. पुढची दोन चाकं पाण्यात. दिव्याच्या उजेडात बघतो तर पुढं रस्ता न्हाईच, नुसतं काळं पाणी.

किल्ली परत घातली. मग मागं गाडी घेतली. ते दोन स्पीकर उपसले, तारा तोडल्या, पाण्याकडंला ठेवले. हात जोडले. म्हणलं, बायांनो, ऐकू आलं बरं का. उशिरा आलं, पण आलं.

पुढं सिद्रामला गाठून खोदून विचारलं, तेव्हा बोलला. ते स्पीकर एका वऱ्हाडाच्या जीपचे, नाक्यापाशी डावीकडं वळून धरणात गेलेल्या. ड्रायव्हर परमुलखातला, त्याला काय ठाऊक रस्ता पाण्यात गेलाय ते. मागं बसलेल्या बायांना ठाऊक होतं. ओरडल्या बिचाऱ्या. पण त्यांच्या डोक्यापाशी दोन स्पीकर, अन् आवाज पार वर. ड्रायव्हरला ऐकूच आलं न्हाई. एक जण वाचला न्हाई त्यातला, काठावरच्या एका मेंढक्यानं तेवढं बघितलं-ऐकलं.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. वैजू जीपमध्ये बसली अन् म्हणाली, "आबा, गाणं?" मी म्हणलं, न्हाई बाळा. जमलं न्हाई मला. तोंड एवढंसं झालं तिचं. माझ्या जिवाला काय झालं ते माझं मलाच ठाऊक. पोरीनं एक मागितलं, तेबी बापाला देता आलं न्हाई.

निघालो. वेशीपाशी आलो अन् मागनं, अगदी हळू, तोंडातल्या तोंडात,

"आबा, थांबवा की."

थांबवली. मागं बघतो तर वैजूची आई पळत येतीय. अनवाणी. मांडवात पाहुण्यांच्या गर्दीत लेकीला धड भेटताच आलं न्हवतं तिला. वैजू उतरली. दोघी रस्त्यातच गळ्यात पडून रडल्या, पोटभर. मी स्टेअरिंग धरून बसलो होतो, पण मलाबी दिसंना काही.

त्याच साली पावसाळ्यात वैजूची आई गेली. तीच मायलेकींची शेवटची गळाभेट. सनई चालू असती, तर तेवढं हळू बोललेलं मला ऐकू आलं असतं का? सांग, नवनाथा.

म्हणून न्हाई बसवले. तू बसव तुला हवे ते, गोल बसव, लंबगोळ बसव. पण जुने घेतलेस तर कुणाच्या गाडीतले ते विचार. मागनं कुणी हाक मारली तर आधी गाडी थांबव, मग चीड. अन् नाक्यापाशी रात्री कुणी कितीबी गोड बोललं, तरी डावीकडं वळायचं न्हाई. उठा आता. अन् जाताना हळू जा, वैजू झोपलीय आत, माहेराला आलीय.