ए ते ई

नरडाणा स्टेशनात उखर्डूआबा तार घेऊन मास्तरांची वाट पाहत होते. शेजारी कापसाच्या जिनातला कारकून इंग्रजी शब्दकोश पाठ करीत होता.

“भाऊ, तार वाच ना. सून माहेरी बाळंतपणले जायेल शे. तार देखताच घरमा रडारड, चूल बी पेटनी नही.”

“मी ए ते ई एवढेच शब्द पाठ केलेत, आबा.”

“जितला येतस तितला सांग.”

“बोथ. बीचा आहे. म्हणजे दोघं.”

“दोघं काय?”

“पुढचा शब्द एसचा. एसपर्यंत पोचायला दिवाळी उजाडेल.”

“मंग मी काय समजू?”

“आबा, मरणाचे सगळे शब्द या पाच अक्षरांतच येतात. डेड, डाइड, डेथ, एक्स्पायर्ड. इथं त्यातला एकही नाही.”

“पक्कं?”

“दोनदा पाहिलं.”

“मंग एस दिवाळीले सांग. मी घर जास, चूल पेटाडाले सांगस.”