नाक्यावरून येणारा मेसेज

विनया कौस्तुभ परुळेकर, वय ३७ वर्षे, धंदा नोकरी (चष्म्याच्या दुकानात), राहणार आगाशी रोड, विरार पश्चिम, ता. वसई, जि. पालघर.

मी वरील पत्त्यावर सासरे चंद्रहास परुळेकर, वय ७१, व मुलगी अनुष्का, इयत्ता पाचवी, यांच्यासह राहते. माझ्या पतीचा फोन चोरून कोणीतरी वापरत आहे, अशी तक्रार मी या ठाण्यात दिली होती. तो फोन मिळाला असून ठाण्यात जमा आहे. तो परत मिळावा म्हणून आज स्वतः हजर राहून सांगते की,

माझे पती कौस्तुभ हे गोरेगाव येथे एका कंपनीत हिशेबाचे काम पाहत. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात ऑफिसातच छातीत दुखून ते वारले. रुग्णालयातून त्यांचे सामान सासऱ्यांनी ताब्यात घेतले. घड्याळ, पाकीट व डबा होता. फोन नव्हता, असे सासरे म्हणाले. डबा रिकामा होता, म्हणजे त्या दिवशी ते जेवले होते. फोन लावला की रिंग जाई, उचलत कोणी नसे. गर्दीत कोणीतरी लांबवला, असे आम्ही धरून चाललो.

कौस्तुभ यांना फोनकडून आपोआप कामे करून घेण्याचा भारी नाद. रिक्षा आमच्या नाक्यावर आली, की त्यांच्या फोनवरून मला मेसेज यायचा, 'नाक्यावर आलो. काही आणायचं का?' हा मेसेज ते स्वतः लिहितात, अशी माझी कित्येक वर्षे समजूत होती व मला त्याचे कौतुक होते. एकदा आम्ही एका लग्नाहून परत येत असताना ते माझ्या शेजारी घोरत होते आणि नाक्यावर मला मेसेज आला. तेव्हा मी त्यांना चांगलेच फैलावर घेतले. ते हसून म्हणाले, "अगं, विचारतो मोबाईल, पण आणतो मीच ना?"

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी स्वयंपाक करत असताना अनुष्का माझा फोन घेऊन आत आली व म्हणाली, "आई, बाबांचा मेसेज आलाय." तोच मेसेज होता. मी गॅस बंद केला. पुढे काय केले ते आठवत नाही. भाजी त्या दिवशी झाली नाही.

त्यानंतर तो बहुतेक रोज येऊ लागला. मी उलट फोन केला की दोनचार वेळा वाजून बंद व्हायचा. स्टेशनजवळच्या मोबाईलवाल्याकडून मी माझ्या फोनवर त्या नंबरचे नोटिफिकेशन बंद करून घेतले. तो म्हणाला, "ताई, आता वाजणार नाही." वाजत नव्हते, पण मेसेज गुपचूप येऊन बसायचा आणि मी दर पाच मिनिटांनी फोन उघडून बघायची. ते वाजणेच बरे होते. अनुष्का त्या सुमारास गॅलरीत जाऊन उभी राहू लागली. कशाला उभी आहेस विचारले, तर म्हणे, "हवा खातेय." पोरीने रोज असे वाट बघत राहावे, हे मला सहन होईना. म्हणून मी तक्रार दिली.

तक्रारीवरून हवालदार ज्युली मॅडम यांनी चौकशी केली. फोन आमच्याच भागात फिरतो असे कळले. गेल्या सोमवारी संध्याकाळी त्या साध्या कपड्यांत माझ्याबरोबर नाक्यावर आल्या. आम्ही रोझमेरी या मासळीवालीच्या पाटीजवळ थांबलो. सातच्या सुमारास माझ्या फोनवर मेसेज आला. मी आजूबाजूला चोर शोधू लागले. समोर बस स्टॉपच्या बाकावर माझे सासरे बसले होते. घरी ते देवळात जातो म्हणून सांगत. त्यांनी शर्टाच्या खिशावर हात दाबून धरला होता व डोळे मिटले होते. छातीत दुखतेय की काय, या भीतीने मी धावत गेले.

खिशात कौस्तुभ यांचा फोन होता. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असे माझे झाले होते, पण हसू कुणाला येणार? रोझमेरी म्हणाली, "बाय, त्यांना बोलू नको. रोज येतान, बसतान. कोनाला तरास नाय त्यांचा."

विचारता सासऱ्यांनी सांगितले, की फोन त्यांना रुग्णालयातच मिळाला होता. मी त्याच दिवशी घरात म्हणाले होते, की नंबर बंद करून टाकू. म्हणून त्यांनी तो दडवला. नंबर बंद करणे पुढे माझ्याकडून झालेच नाही. सासूबाईंच्या फोटोमागे दिव्याचा प्लग आहे, तिथे ते तो चार्ज करत. फोनचा आवाज कौस्तुभ यांनी ऑफिससाठी बंद ठेवलेला. एकदा तो खिशात घेऊन ते फिरायला निघाले आणि नाक्यावर आल्यावर तो छातीपाशी थरथरला. ते म्हणाले, "स्क्रीनवर काय येतं ते मला वाचता येत नाही. पण थरथरला की वाटतं, पोरगा रिक्षातून उतरला."

मेसेज मला येतो हे त्यांना माहीत नव्हते. मी रागाने विचारले, "मग माझा फोन का नाही उचललात, आप्पा?" ते म्हणाले, "तुझा फोटो दिसायचा गं. मला वाटलं, तूही नुसती रिंग ऐकायलाच करतेस." मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले. आम्ही दोघे तिथे रडलो. ज्युली मॅडम पाठ करून उभ्या राहिल्या.

ओळख पटवण्यासाठी फोन ठाण्यात आणण्यात आला. त्याचे कुलूप मला उघडता येईना. ते अनुष्काला येत होते, कारण ती त्यावर गेम खेळायची. तिला इथे आणले. तिने फोन उघडून ती आपोआपची सोय शोधली. नाका आला की मला मेसेज जाई व फोन थरथरे, अशी दोन कामे त्यात लावलेली होती. तिने मला विचारले, "आई, तुला मेसेज येतो तो बंद करायचा, की आजोबांना कळतं तेही?" मी म्हणाले, फक्त मेसेज बंद कर. तिने केला. आता नाक्यावर फोन नुसता थरथरेल, कोणालाही काही कळवणार नाही. तिला शाबासकी द्यायला हवी होती, ती माझ्याकडून राहिली.

काल संध्याकाळी माझा फोन वाजला. सासऱ्यांचा होता. त्यांचा बटणांचा फोन आहे व आपणहून ते तो कधी लावत नाहीत. म्हणाले, "विनया, मी बस स्टॉपवर आहे गं. अनुष्काला शहाळं घेऊ का?" ते 'हॅलो, हॅलो' करत राहिले. शेवटी मी "घ्या" म्हणाले. गॅलरीत मुलगी उभी होती. तिला सांगितले, की आजोबा येतायत. ती चप्पल न घालताच खाली पळाली.

माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही. चोरी झालेली नाही. माझा हा जबाब ज्युली मॅडमनी मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच लिहिला आहे. सही मी करते. सासरे बाहेर बसले आहेत. त्यांना आत बोलावून फोन त्यांच्याच हातात द्यावा, ही विनंती.