जमीरच्या गाडीवर तिसरा

ऐका रं. आन मधी कुणी फिस्सकन हसलं तर मी उठून घरी जाईन, मग बसा एकटंच शेकत.

पैज मी लावली. घेतली दिग्यानं. काय पैज? अमुशेच्या राती जमीरची गाडी खाणीच्या वाटेनं न्यायची आन खडी फोडायच्या क्रशरला वळसा घालून परत आणायची. साक्षीला मागं मी बसणार. आता ह्यात येडं कोण, ते तुमीच ठरवा.

जमीर कोण, ते ह्या बारक्यांना सांगतो. गुलाब मिस्त्री मुलाण्यांचा एकुलता एक पोरगा. जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांचं लई याड त्याला. ही गाडी त्यानं खुराड्यातनं उचलून आणली. सीटवर कोंबडी अंडी घालायची, आईशप्पथ! बापलेकानं तिचा एकेक नट रॉकेलात बुडवला, गंज खरवडला, मडगार्ड काढून फेकलं, खाचाचे टायर चढवले. आन उतरवली जत्रेच्या मातीतल्या रेसला. खाणीच्या मुरमावर असती ना, तीच रेस. जमीर पुढं. सगळ्यांच्या पुढं! आन शेवटच्या उडीवर इंजिन धरलं. चाक जाग्यावर जाम. गाडी एकीकडं, पोरगं खाली खाणीत.

इंजिन उघडलं तर पिस्टन कोरडा ठणठणीत. टू-स्ट्रोकच्या पेट्रोलातच तेल मिसळावं लागतं बगा, न्हाईतर आतलं तापून चिकटतं. मिसळायचं काम गुलाबचाचांचं. त्या दिवशी त्यांचा रोजा. लोक म्हणाले, उपाशी माणूस, इसरला. होता होता चाचाबी तेच म्हणाय लागले. "मिसळल्यागत वाटतंय रं... पण कोरडा पिस्टन म्या माझ्या डोळ्यानं बघितला."

चाची तवापास्नं त्यांच्याशी एक शब्द बोलली न्हाई. ताट ठेवायची, आत जायची. गॅरेजला कुलूप. चाचा त्या कुलपाम्होरं बसून बोटं नाकाला लावायचे. तेलाचा वास येतोय का बघायचे. सारखं. एवढ्या दिसांनी कुठला वास यायचा!

गाडी भंगारात जाणार हुती. मी मागून घेतली. वाकलेला फोर्क सरळ करून आणला, शेराच्या भंगार बाजारातनं पिस्टन शोधला, कार्बोरेटर धुऊन धुऊन माझी बोटं सोलली. सगळी पोरं हाताखाली राबली. दिग्या तेवढा कट्ट्यावर बसून. पान्याला हात लावंना. जमीरचा जिगरी दोस्त आन हात लावंना? म्हणून मी सगळ्यांदेखत डिवचलं, "का रं, फाटली काय?" आन ते येडं म्हणालं, "चल. आजच. अमुशाच हाय."

निघालो. ऐका, आता नीट ऐका.

ओढा वलांडला. गाडी झकास. टर्रर्र करत चाललीय, मागं पांढरा धूर. आन मला दुसरं इंजिन ऐकू आलं. मागनं. तसंच टर्रर्र. दिग्यानं हळू केली, तेबी हळू झालं. दिग्यानं बंद केली.

तेबी बंद.

मी म्हणलं, "कोण हाय रं तिकडं, बत्ती लाव की!" कोण बोलतंय! रातकिडाबी गप.

किक मारली, पळालो. तर कानाजवळनं काहीतरी सप्पकन पुढं गेलं. दिसलं काय न्हाई. पण आमच्या दिव्यात फुफाट्यावर टायरचा माग उमटाय लागला. आमच्याम्होरं! गाडी न्हाई, माणूस न्हाई, नुसता माग पुढं पुढं चाललाय. खाचाच्या टायरचा. वाट सोडून मुरमाकडं वळला. दिग्या हँडल इकडं वढतोय आन चाक तिकडं जातंय!

"दिग्या, वळीव की! आरं वळीव!"

"वळंना रं! मी न्हाई नेत, तीच जातीया!"

आन मग शॉकअप खाली बसले. कसे? कुणी मागं बसल्यावर बसत्यात तसे. अरं पण मागं मीच बसलेलो! माझ्या पाठीला कुणाची तरी छाती टेकली. गार. हिरीतल्या दगडागत गार. माझ्या दोनी बाजूंनी दोन हात पुढं आले, दिग्याच्या कमरेवरनं गेले आन टाकीचं झाकण फिराय लागलं. कर्र... कर्र...

ते बोललं. जमीरचाच आवाज, नेहमीसारखा, मायेचा. "दिगूभाऊ, अब्बांनी तेल मिसळलं हुतं ना रं?"

गाडीचा आवाज चढला. एक्सलेटर सोडला तरी चढतोय! म्होरं मुरमाची उडी, पलीकडं खाण.

"दिगूभाऊ, सांग की. मिसळलं हुतं ना?"

"हुतं!" दिग्या गळा फाडून रडला. "मिसळलं हुतं रं जमीर! म्याच ते वतून टाकलं!"

इंजिन धरलं. धाडकन. आमी मुरमावर लोळत गेलो. मान वर करून बघतो तर गाडीचं पुढलं चाक खाणीच्या काठावर हवेत गरगरतंय. आन मागं कोण न्हाई. कुणीच न्हाई.

म्हणून सांगतो, त्या वाटंनं जाऊ नका. शेळी हुडकायलाबी नगं. ते आता कुणाला काय इचारंल, मला ठावं न्हाई.

आमी चालत आलो. दिस उगवायला गुलाबचाचांच्या दारात. चाचा कुलपाम्होरं बसलेले, चाची च्या घिऊन उंबऱ्यात.

दिग्यानं त्यांचे पाय धरले. "चाचा, तुमी तेल मिसळलं हुतं. तुमची नजर चुकवून म्या तेल मिसळलेल्या पेट्रोलचा डबा वतला आन गाडीत नुसतं पेट्रोल भरलं. वाटलं, सुरवातीलाच बंद पडंल. पण ती पळत ऱ्हायली, चाचा. आदीपेक्षा जोरात पळाली."

चाचांनी पाय वढून घेतले न्हाईत. मारलं न्हाई. नुसतं इचारलं, "म्या मिसळलं हुतं?"

"व्हय."

"मापानं?"

"मापानं, चाचा."

म्हातारा आपल्या बोटांकडं बघत बसला. मला वाटलं आता तरी हलकं वाटंल त्यांना. कसलं हलकं! पोरगं थोडंच येणार हुतं.

उंबऱ्यातनं चाची बोलली. "का केलंस रं?"

दिग्यानं मान वर केली न्हाई.

"गंमत," तो म्हणाला. "सगळी हसतील म्हणून, चाची."