देवाच्या कौलाला लेकीची दुरुस्ती

...आणि वर मलाच म्हणते, "बाबा, हात दाखवा!" भर देवळात! विठू गुरव समोर, बायको समोर, अर्धं गाव खांबांना टेकून बसलेलं, आणि पोटची पोर बापाचे हात तपासते! तुम्हाला सांगतो, पेडण्याच्या कचेरीत पंचवीस वर्षं काढली, भल्याभल्या साहेबांनी माझ्या फायली तपासल्या, पण हात? हात कुणी तपासले नव्हते हो! असो. माझं काही म्हणणं नाही.

लेक म्हणजे आमची सिद्धी. एम. एस्सी. झालेली, फिजिक्समध्ये. घरात बोलते कोकणी, मला पत्र लिहिते मराठीत, आणि विचार कुठल्या भाषेत करते ते तिच्या आईलाही कळलेलं नाही... गोवा राज्य झालं, कोकणी राजभाषा झाली, आमच्या कचेरीत अजून रोज त्यावरून टेबलं आपटतात, आणि ही पोर प्रोटॉनसाठी जेवण सोडते! नव्वद सालच्या एप्रिलात तिला जर्मनीहून पत्र आलं, संशोधनाला या म्हणून. चार वर्षं. चार! मी म्हटलं, जा की, माझं काही म्हणणं नाही. म्हटलं खरं, पण त्या दिवशी भाताचं ताट तसंच बाजूला सारलं.

मग एका दुपारी काजूच्या बागेत आम्ही दोघं मुट्टे पिळत बसलो होतो. मुट्टे म्हणजे काजूची बोंडं हो, रस काढायला! तो वास, ते ऊन, पानं हलत नाहीत, डोळे आपोआप जड होतात... मी विचारलं, "बाये, तूं थंय वचून करतलें तरी कितें?" म्हणजे तिकडे जाऊन करणार तरी काय?

तर म्हणाली, "बाबा, प्रोटॉन म्हणजे एवढासा कण, स्वतःभोवती फिरणारा. त्याच्या आत तीन क्वार्क, तेही फिरणारे. तिघांचं मिळून प्रोटॉनचं फिरणं व्हायला हवं ना? दोन वर्षांपूर्वी मोजलं, तर होतच नाही!"

"मग उरलेलं कुणाचं?"

"तेंच तर!" म्हणाली आणि झाडातून वर बघत राहिली. मीही बघत राहिलो. खरं सांगू? मला वाटलं, सगळी बागच हळूहळू फिरतेय, झाडं, मुट्टे, रसाची कळशी, मी, ती... आणि कोण कुणाच्या जिवावर फिरतंय ते कुणालाच ठाऊक नाही. बरं वाटलं हो.

पुढे म्हणाली, सगळे प्रोटॉन एका दिशेला वळवून ठेवायचे आणि त्यांच्यावर इलेक्ट्रॉन मारायचे. जोरात मारला तर क्वार्क एकटा सापडतो. हळू मारला की आजूबाजूचे मध्ये पडतात, त्याला ओढतात, आणि मोजणी चुकते! त्या ओढीची दुरुस्ती करायची. हायर ट्विस्ट म्हणतात म्हणे त्याला. तोच हिचा विषय. म्हणजे ऐकलंत ना? शेजाऱ्यांची लुडबूड मोजायला जर्मनी! अगं, पेडण्यात काय कमी पडली होती?

पण आमच्या बायकोचं, विमलाचं म्हणणं, देवाला विचारल्याशिवाय पोर उंबरा ओलांडणार नाही. म्हणजे कौल! देवाच्या छातीवर पाण्याने दोन कळ्या शेजारीशेजारी चिकटवायच्या, उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. पिटकुळीच्या, म्हणजे त्या लाल फुलांच्या झुडपाच्या कळ्या आणायचं काम कुणाचं? माझं! कौलाच्या दिवशी मी आपला बागेतून उठलो, वाटेत कळ्या खुडल्या, मुठीत धरल्या आणि तडक देवळात.

विठूने कळ्या लावल्या, गाऱ्हाणं घातलं, "बा देवा म्हाराजा! ह्या चेडवान परदेसाक जावंचा जाल्यार उजवी दी, नाय जाल्यार डावी दी रे म्हाराजा!" सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" मी जरा हळूच ओरडलो.

आणि बघता बघता... डावी!

विमला रडायला लागली, सुटल्यासारखी की हरल्यासारखी, देव जाणे. सिद्धीचा चेहरा? नका विचारू. आणि मी? तुम्हाला खोटं कशाला सांगू, मनातल्या मनात टाळीच वाजवली... पोर राहिली! राहिली!

तेवढ्यात ही उठली. "विठूकाका, उजवी सुटत होती. तिने डावीला ओढलं, डावी पडली आणि उजवी तिथेच अडकली. कळ्या एकमेकींना चिकटल्या होत्या." विठू खवळला, "तीस वर्सां कळ्यो लायतां हांव! देवाक शिकयतंस?" ही म्हणते, "देव बरोबर आहे काका, मोजणी चुकली." आणि गर्रकन वळून, "बाबा, हात दाखवा!"

दाखवले. कोपरापर्यंत काजूचा रस! चिकट, काळपट, बोटाला बोट लागलं तर सुटेना! त्या हातांनी खुडलेल्या कळ्या एकमेकींना सोडतील? मुद्दाम नाही हो केलं! शपथ! म्हणजे... वाटेत विहीर होती. कळशी होती. दोरही होता. हात धुवावेत असं मनात आलंही होतं. पण पाय काही थांबले नाहीत.

विठूने मला एकच विचारलं, "बाबलीबाब, रस तुजो?" नुसतं "नाही" म्हटलं असतं तर संपलं होतं. देवाचा शब्द कोण मोडणार? पोर जन्मभर माझ्या डोळ्यांसमोर! पण ती बघत होती ना... बागेत वर बघत होती तशी. म्हटलं, "व्हय. म्हजो."

मग विहिरीवर गेलो, हात घासून धुतले, नव्या कळ्या आणल्या, एकेक वेगळी, पानावर ठेवून. गाऱ्हाणं. "व्हय म्हाराजा!" या वेळी मी मोठ्याने ओरडलो. आणि उजवी पडली. अशी अलगद पडली की आवाजसुद्धा झाला नाही.

गेली. परवा तिचं पत्र आलं. लिहिते, "बाबा, जोर दुप्पट केला की आजूबाजूची ओढ पावपट होते. कमी कमी होत जाते, पण शून्य काही होत नाही. एवढं शोधायला मला दोन वर्षं लागली." दोन वर्षं! अगं, मला विचारायचं होतंस!

इथे बागेत बसलो की दुपारी अजून ते सगळं हळूहळू फिरायला लागतं, आणि कळशीच्या पलीकडची जागा तेवढी रिकामी असते. हात मात्र मी आता धुतो हो. दोनदा, साबण लावून, विहिरीवर. तरी सुटत नाही ते सुटतच नाही... जाऊ दे. माझं काही म्हणणं नाही.