धाकटीची पिशवी

रक्त देऊन कोपरात कापूस दाबून बसलेल्या शिंप्याच्या कानावर शेजारच्या दोन जावांचं बोलणं पडत होतं.

“सासूबाईंचं दुखणंखुपणं मी काढलं, आणि ऑपरेशनला रक्त जुळलं तुझं. आयत्या बिळावर नागोबा!”

“जाऊबाई, त्यात माझा काय गुन्हा?”

“आता उठताबसता म्हणतील, माझ्या अंगात धाकटीचं रक्त आहे.”

मध्येच नर्स म्हणाली, “पूर्वी शेजारी झोपवून नळीनं थेट द्यायचे. आता हिची पिशवी तपासून साठ्यात जाईल. सासूबाईंना आधीच तपासलेली, दुसऱ्या कुणाची तरी मिळेल.”

“म्हणजे हिचं नाही?”

“नाही.”

“मग माझंही घ्या! साठ्याला कुठलाही गट चालतो ना?”

“चालतो.”

“जाऊबाई, पण घरी माझंच दिलं म्हणून सांगायचं हं.”

“सांगू की. दोघींचं मिसळून दिलं म्हणून!”