मागे बसवलेला दांडा

तुम्ही घ्या चहा, साहेब, माझ्यासाठी थांबू नका — मी साखर सोडलीय, आणि बिनसाखरेचा माझ्या घशाखाली उतरत नाही. कधीपर्यंत? हे स्वतःच्या पायांवर उभे राहीपर्यंत. आणि राहतीलच. तोवर तुमच्या कंपनीची ही खुर्ची आहेच की, पलंगावरून अलगद उचलणारी. आमचा मुलगा तुमच्याकडेच ना, फार कौतुकानं सांगत होता — पूर्वी म्हणे ड्रॉइंगवाला कागद काढायचा, वेल्डिंगवाला तो बघून कपाळावर हात मारायचा, की पुन्हा पहिल्यापासून. आता तसं नाही. पहिल्या दिवसापासून सगळे एकाच टेबलाभोवती — ड्रॉइंगवाला, गिअरवाला, वेल्डिंगवाला, अगदी पॅकिंगवालासुद्धा. म्हणून तर सहा महिन्यांत तयार झाली. खुर्ची वर उचलायला फिरवायचा तो दांडा आधी पुढे होता ना? वेल्डिंगला मागे सोपा पडला, खोक्यातही मागे नीट बसला — झालं, पाचामुखी परमेश्वर. खुर्चीत बसणारा आणि त्याला बसवणारी तेवढी टेबलाशी नव्हती. असू दे. टेबल लहान असेल.

ह्यांना झटका आल्यापासून शब्द फुटत नाही. दुखलं की डावी भुवई वर जाते, तेवढंच आमचं बोलणं. आणि दांडा मागे, म्हणजे मीही मागे. मला दिसतं काय? टक्कल. आता टक्कल काय सांगणार, कपाळ?

छे हो, तक्रार कसली — तुम्ही दिलेली चाचणीची वही बघा ना, तेरा दिवस रोज ‘उत्तम’ लिहिलंय. मंगळवारीसुद्धा. मंगळवारी ह्यांचं मनगट पट्ट्यात अडकलं होतं आणि मी आपली दांडा फिरवतेय, फिरवतेय — संध्याकाळी अंग पुसताना दिसलं, काळंनिळं. मुलाला म्हटलं, पलंगाला आपटलं. त्याचं पहिलंच यंत्र हो ते. आईनंच खोट काढायची?

आणि आता तुम्ही म्हणता, माझी सही झाली की साठ खुर्च्या निघणार. साठ घरं. साठ जणी मागे उभ्या — टक्कल बघत.

आणा ती वही इकडे. सही होईल, पळून जातेय का मी? आधी कप ठेवा आणि खुर्चीत बसा. बसा हो, सगळे एकत्र म्हणता ना. मनगट असू द्या तसंच, पट्ट्यात. घाबरू नका, हळूच फिरवते — मंगळवारीही हळूच फिरवला होता. दुखलं तर सांगा.

तोंडानं नाही, हं. भुवईनं.