मधल्या भिंतीच्या विटा

थोरली: मशीन मागे घ्या, दादा. या मधल्या भिंतीला हात लावायचा नाही.

धाकटी: लावा हो तुम्ही. मशीन मी बोलावलंय, यांनी नाही. आधी हीच भिंत घ्या, मग बाकीचं घर.

मशीनवाला: एकीनं हो म्हणायचं, एकीनं नाही, असं नसतं ताई. मशीनला एकच तोंड आहे.

थोरली: आमच्या घरात दोन आहेत. दुसरं कधी मिटत नाही.

धाकटी: जाऊबाई, घर रस्त्यात गेलंय. पत्रे उतरले, दारं उतरली. आता भिंती पाडून जागा मोकळी करून दिली की सुटलो. आणि तुम्ही इथे उकिडव्या बसून एकेक वीट कुरवाळताय.

थोरली: साफ करतेय. नव्या जागेवर माझी खोली खिडकीपर्यंत येऊन थांबलीय, वर चढवायला विटा नाहीत. माझ्याकडच्या बाहेरच्या भिंती हातानं उतरवल्या, त्यातल्या निम्म्या विटा फुटल्या. म्हणून ही भिंत हवी मला. का खिडकीपर्यंतच्याच खोलीत राहू, डोकं बाहेर काढून?

धाकटी: आणि फुटलेल्यांचा तो ढीग? त्याचं काय लोणचं घालणार?

थोरली: जोत्यात भरणार, फरशीखाली. तुझ्यासारखी ट्रॉली भरून ओढ्यात नाही लोटणार.

धाकटी: ओढा तुमच्या माहेरचा आहे का?

थोरली: तुझ्याही माहेरचा नाही.

मशीनवाला: ओढ्यात नका टाकू ताई. हल्ली पकडतात.

धाकटी: तुम्ही कुणाच्या बाजूनं आहात?

मशीनवाला: मी मशीनच्या बाजूनं.

धाकटी: हे बघा जाऊबाई, माझ्याकडच्या बाहेरच्या भिंती न्या हव्या तर. वर चहा करून देते. ही मिळणार नाही. ही मला माझ्या डोळ्यांदेखत चुरा झालेली बघायचीय.

थोरली: माझ्या नवऱ्यानं बांधलीय ती.

धाकटी: माझ्या हद्दीत. चार बोटं आत.

थोरली: गवंडी होते ते. जन्मात कधी ओळंबा चुकला नाही त्यांचा.

धाकटी: ओळंबा कशाला चुकेल? आखताना दोरीचं दुसरं टोक तुमच्या हातात होतं.

थोरली: मला दोरी का धरावी लागली, तेही सांग ना यांना.

धाकटी: सांगते की. माझ्या पोरीवर हात उचलला या जाऊबाईंनी. कप फोडला म्हणून. पाच वर्षांची होती.

थोरली: आणि तू काय म्हणालीस?

धाकटी: रागात म्हणाले.

थोरली: काय म्हणालीस ते म्हण.

मशीनवाला: मी जरा डिझेल बघून येतो.

थोरली: थांबा हो, तुम्हीही ऐका. "जिला मूल नाही तिला काय कळणार." सासूबाईंसमोर. मी हातातलं काम टाकलं, जाऊन सिमेंट घेऊन आले आणि ह्यांच्यापुढे गोण्या आपटल्या. म्हटलं, घराचे दोन भाग करा. भिंत अशी पक्की बांधा की सात जन्म पडू नये. दोरी धरून आखून देते, मग ती उभी राहीपर्यंत मी माहेरीच राहणार.

धाकटी: राहिल्याच. आणि परत आल्या तेव्हा नळ यांच्याकडे, न्हाणी यांच्याकडे.

थोरली: तुझ्याकडे काय कमी होतं? मी येऊन बघते तर तुझ्या मागच्या कोपऱ्यात घोटीव फरशी, उतार काढलेली. माझ्या न्हाणीपेक्षा झकास.

धाकटी: तो विषय नको.

थोरली: का नको?

धाकटी: नको म्हटलं ना. पलीकडे सासूबाई खोकायच्या. मी इकडे उठून बसायचे आणि परत आडवी व्हायचे. भाऊजी गेले तेव्हा तुमचं रडणं या भिंतीतून आलं मला. तुमचं दार वाजवलं होतं मी.

थोरली: ऐकलं होतं.

धाकटी: मग?

थोरली: मग काही नाही.

मशीनवाला: मावशी, भिंत सात जन्मांची असेल तर हातानं नाही निघायची. सिमेंटमधली वीट सिमेंटला सोडत नाही, स्वतः फुटते. ताईंचं ऐका.

थोरली: एक काढून बघते. फुटली तर लावा तुमचं मशीन. अख्खी आली तर भिंत माझी.

धाकटी: शब्द?

थोरली: शब्द.

(छिन्नीवर हातोडीचे घाव. गिलाव्याचा मोठा पापुद्रा सुटून खाली पडतो. मग आवाज थांबतो.)

धाकटी: का थांबलात? फुटली ना?

थोरली: नाही.

धाकटी: दाखवा.

थोरली: सुटूनच आली. दुधाचा दात यावा तशी.

मशीनवाला: बघू इकडे. ही माती आहे, मावशी. वरचा गिलावा तेवढा सिमेंटचा. आत सगळी माती.

थोरली: कसं शक्य आहे?

मशीनवाला: अंगठ्यानं उकरून बघा ना. तात्पुरतं काम असलं की गवंडी मातीत लावतो. पुढे उतरवायला सोपं जातं, विटा अख्ख्या मिळतात.

थोरली: तात्पुरतं म्हणजे किती?

मशीनवाला: असंच. चार-सहा महिने.

धाकटी: पोरगी कॉलेजात गेली माझी.

थोरली: माझ्या तोंडावर सिमेंट म्हणाले. मरेपर्यंत म्हणाले. आणि एवढ्या गोण्या गेल्या कुठे? गिलाव्याला असं लागतं किती? तू का खाली बघतेस?

धाकटी: काही नाही.

थोरली: बोल.

धाकटी: ती फरशी. भाऊजींनीच घातली, तुम्ही माहेरी होतात तेव्हा. म्हणाले, सिमेंट उरलंय, पोरीला चिखलात आंघोळ नको. आणि म्हणाले, तुझ्या जावेला सांगू नकोस.

थोरली: आणि तू नाही सांगितलंस.

धाकटी: बोलत कुठे होता तुम्ही माझ्याशी?

थोरली: आताही बोलत नाहीये. फसवलं मला. दोघांनी मिळून. आणि जाब विचारायला एकजणही जागेवर नाही.

धाकटी: मी आहे की.

थोरली: तुला काय विचारायचंय.

मशीनवाला: मग मशीन लावू का नको?

थोरली: त्या टोकाच्या भिंतीपासून लावा. ही राहू द्या. मी जिंकलेय.

धाकटी: भिंतीची एक बाजू माझी आहे. निम्म्या विटा मला.

थोरली: तुला कशाला? ओढ्यात लोटायला?

धाकटी: न्हाणीला. तिकडे न्हाणी बांधायचीय मला.

थोरली: मागशील तेवढं कमीच तुला. मी काढते, तू रच. आडव्या रच, नाहीतर कोपरे उडतात. आणि हातमोजे एकच जोडी आहे.

धाकटी: नकोत मला तुमचे हातमोजे.

थोरली: उजव्या हाताचा घे. आणि माझ्याशी बोलू नकोस.

धाकटी: कोण बोलतंय? द्या, वीट द्या.